आधारनानांचा कॅनव्हास

जळगावच्या माणसाला मे महिन्यात उन्हाचं सांगायला जाऊ नये. तोच तुम्हाला पारा किती चढला ते ऐकवील, आणि तो आपणच चढवल्यासारखी छाती फुगवील. पण हाच बहाद्दर गाडीची सीट शिवायला टाकताना काळं कुळकुळीत रेक्झीन पसंत करतो. नशिराबादच्या रस्त्याला आधार सीटवाल्याच्या टपरीत हा तमाशा चौतीस वर्षं चालू होता. एका हेडमास्तरांनी स्कूटरला वाघाच्या पट्ट्यांचं रेक्झीन बसवून घेतलं होतं. एका पुढाऱ्यानं जीपला चंदेरी. ट्रॅक्टरवाल्यांची तर गोष्टच सोडा. गिऱ्हाईक नमुन्यांची वही उलटीपालटी करायचं, एका तुकड्यावर बोट ठेवायचं, आणि आधार मान खाली घालून शिवायला घ्यायचा.

घरी मात्र त्याच्या तोंडाचा पट्टा सुटायचा. "एक सीट असी शिवसू, कापड मी निवाडसू," तो बायकोला सांगायचा. लिलाबाई भाकरी थापता थापता म्हणायची, "तुमले कोन इचारस?" चौतीस वर्षांत त्याला खरंच कोणी विचारलं नव्हतं, आणि हे त्याला फार लागायचं.

मग एक दिवस घेवरचंद शेठजींचा निरोप आला. त्यांच्या बंद पडलेल्या जिनिंगच्या गोदामात, रुईच्या जुन्या गाठींमागे, एक विलायती स्पोर्ट्स कार सापडली होती. लाल, दोनच माणसांची, छप्पर मागे दुमडणारी. शेठजींच्या थोरल्या भावानं तरुणपणी मुंबईहून हौसेनं आणलेली. नातू पारसनं ती पुन्हा चालू करायचं मनावर घेतलं होतं. पारस बत्तीस वर्षांचा, पुण्यात शिकून आलेला. धंदा सोडून जगातल्या सगळ्या विषयांत त्याला गती होती. धुळ्याला जुन्या गाड्यांचं प्रदर्शन भरणार होतं, तिथं त्याला मिरवायचं होतं.

आधारनं सीट उसवली. वर चामडं, आत घोड्याचे केस. शेठजी दोन पावलं मागे सरले. "चामडं? आपल्या घरच्या गाडीत?" थोरले बंधू याच सीटवर बसून रोज जैन देरासरात दर्शनाला जात असत, ही आठवण कोणी काढली नाही. चामडं पुन्हा गाडीत येणार नाही, एवढा हुकूम सुटला. मग काय लावायचं, यावर शेठजींच्या दिवाणखान्यात आठ दिवस खल झाला. एवढा खल त्या घरात लग्नाच्या स्थळावरही झाला नसेल. पारसची आई राजकुंवरबाई मरून मखमलीवर अडून बसल्या. तशी मखमल त्यांनी एका रिसेप्शनच्या सोफ्यावर पाहिली होती. पारसला चामड्यासारखं दिसणारं काळं रेक्झीन हवं होतं, वर हिऱ्यांच्या नक्षीची शिवण. मोबाइलवर तो फोटो दाखवायचा आणि प्रत्येक फोटोला "क्लास" म्हणायचा. आधार दाराजवळ स्टुलावर बसून ऐकत होता. त्याच्या पिशवीत ताडपत्रीच्या दुकानातून आणलेला जाड सुती कॅनव्हास होता. रंग मातकट, वाळलेल्या कपाशीच्या काड्यांसारखा.

नवव्या दिवशी त्याला राहवलं नाही. त्यानं मखमल, रेक्झीन आणि कॅनव्हास असे तिन्ही तुकडे शेठजींच्या अंगणात फळ्यांवर ताणले आणि सकाळीच उन्हात मांडून ठेवले. दुपारी दोनला सगळ्यांना बाहेर बोलावलं.

"गाडीनं छप्पर उघडं ऱ्हायी, पारसभाऊ. उनमा उभी ऱ्हायी. आते बठी पहा."

"बसायचं काय त्यात, नाना?" पारस म्हणाला आणि ऐटीत आपल्या काळ्या रेक्झीनवर टेकला. अंगात त्याच्या हाफ पँट होती. मांड्या टेकल्या मात्र, आणि तो ज्या वेगानं उठला, त्या वेगानं ती कार तिच्या ऐन तारुण्यातही कधी सुटली नसेल. राजकुंवरबाई मखमलीवर बसल्या आणि उठल्या तेव्हा घामानं साडीचा रंग मखमलीला लागला होता. शेवटी शेठजी स्वतः कॅनव्हासवर बसले. बसले ते बसलेच. तिथंच त्यांनी पाणी मागवलं आणि म्हणाले, "हेच लावायचं. आधारला कळतं."

आधारला कळतं! हे दोन शब्द त्यानं त्या दिवशी लिलाबाईला किती वेळा ऐकवले, ते तीच जाणे.

पुढचे दोन महिने त्यानं दुसरं काम हातात घेतलं नाही. कॅनव्हास तीनदा धुऊन आधीच आटवून घेतला, म्हणजे पुढं सीट आक्रसू नये. आत काथ्या आणि कापूस, थरावर थर. कडेला बारीक लाल गोट, गाडीच्या रंगाला धरून. पाठीची शिवण पाच वेळा उसवली, कारण ती एक सूतभर डावीकडं जात होती आणि ते त्याच्याखेरीज पृथ्वीवर कोणालाही दिसत नव्हतं. सीट तयार झाल्यावर तो तिच्यावर बसला मात्र नाही. उभ्या गाडीत काय बसायचं, चालत्या गाडीत बसू, असं त्याच्या मनानं घेतलं होतं.

प्रदर्शनाच्या दिवशी तो इस्त्रीचा शर्ट घालून एस.टी.नं धुळ्याला गेला. गाडीभोवती गर्दी होती. दोरीच्या पलीकडं चकचकीत पाटी लावली होती, आणि तिच्यावर सीटच्या कापडापुढं लिहिलं होतं, 'खास इटलीहून आयात'.

आधारनं पाटी दोनदा वाचली. एक म्हातारे परीक्षक आले, ऊन मी म्हणत असताना सीटवर निवांत बसले, गोटावरून बोट फिरवलं आणि म्हणाले, "वा! आपल्या हवेला हे कापड कोणाला सुचलं?"

"इटलीत एक ओळखीचे आहेत," पारस म्हणाला.

आधार तीन हातांच्या अंतरावर उभा होता. बोलायला तोंड उघडलं, पण शेठजींनी खांद्यावर हात ठेवला. "जाऊ दे रे आधार, पोराची हौस आहे." शेठजींच्या भावाची हौस, पोराची हौस, आधारची कुठल्या खात्यात धरायची, हे कोणी सांगितलं नाही. गाडीला उत्तम बैठकीचं बक्षीस मिळालं. चषक पारसनं घेतला, फोटोही त्याचेच निघाले.

संध्याकाळी निघताना शेठजींना काहीतरी वाटलं असावं. ते आपल्या मोठ्या गाडीकडं जाता जाता म्हणाले, "पारस, आधारला तुझ्यासोबत घे. जळगावपर्यंत बसू दे त्याला शेजारी." आधारचा चेहरा उजळला. पाटी, परीक्षक, चषक, सगळं तो तेवढ्यापुरतं विसरला. चपला झटकून तो दाराशी आला.

पारसनं दार उघडलं, मागून कालचा पेपर काढला आणि सीटवर नीट अंथरला. "हलक्या रंगाचं कापड आहे ना, नाना. डाग पडला तर निघायचा नाही."

आधार त्या पेपरकडं बघत राहिला. ज्या कापडाला त्यानं स्वतःच्या हातानं तीनदा बादलीत बुचकळलं होतं, त्याला त्याच्या पँटचा डाग पडणार होता. त्यानं शेठजींकडं पाहिलं. शेठजींनी नेमका तेवढ्यात फोन कानाला लावला.

"डाग धवाई जास का नही, ते इटलीवालास्ले इचारा, पारसभाऊ," आधार म्हणाला. त्यानं दार हलक्या हातानं लावलं, कारण दार आपटलं तर गोट दबतो, आणि तो एस.टी. स्टँडकडं चालू लागला. पारसला टोमणा कळला नाही. कळला असता तरी त्यानं तो इटलीलाच पाठवला असता.

घरी लिलाबाई वाटच बघत होती. चौतीस वर्षं नवऱ्याचं ऐकून ऐकून तिलाही आता उत्सुकता लागली होती.

"मंग? कशी लागनी तुमनी सीट बठाले?"

आधारनं इस्त्रीचा शर्ट काढून खुंटीला लावला.

"मले काय मालूम?" तो म्हणाला. "मी कोठे बठनू."