शेंडा राखणाऱ्या रूथबाई

पेटलं गं बया, बांध वलांडून पेटलं! काखंत चार महिन्यांची पोर, म्या वरडतीया, आन् आमच्या राबातली आग वाळल्या गवतात शिरून वर रानाकडं पळतीया. भाताचं रोप टाकायच्या आदी पालापाचोळा, फांद्या, शेण पसरून आमी जमीन भाजतो, त्यो राब. त्यो पेटवायचा सकाळच्या पारी, वारं पडल्यालं आसतं तवा. पर भावजींना, म्हंजी माज्या दिराला, विंझरला लग्नाला जायची घाई. सासू म्हनली, "आरं, कडंचं गवत तरी झाडून घे." ऐकलं न्हाई. भर दुपारी काडी लावली, भावजी वाटंला लागलं, आन् वारं उठलं.

तेवड्यात वरनं रूथबाई धावत आल्या. लुगडं खोचल्यालं, हातात ओलं गोणपाट.

रूथबाई म्हंजी आमच्या पासलीतल्या मिशनच्या शाळंच्या मास्तरीणबाई. भोरकडच्या किरिस्ताव. माजं माहेर-सासर एकाच गावात, म्हनून त्यांच्याकडं दुसरी पोतुर शिकले. शाळा सुटली की बाई रानात. राबासाठी मानसं झाडावर चढून फांद्या तोडायची, तर या खाली उभ्या राहून वर बघायच्या आन् वरडायच्या, "शेंडा सोड रे बाबा! अंगरखा काढून घे, मान कापू नको!"

मानसं हसायची. सासू म्हनायची, "सोताची येणी घालायला येळ न्हाई, आन् झाडाचं क्यास विंचरती." आन् बाई दारात आल्या की त्यांच्या वंजळीत पानी वरनं वतायची, शिवाशीव नगं म्हनून. बाई प्यायच्या, त्वांड पुसायच्या, आन् म्हनायच्या, "गोड आहे हो तुमच्या झऱ्याचं." त्यो झरा दर शिमग्याला गाळ काडून कोन साफ करायचं, तर बाईच.

येकदा भावजींनी टोमना मारला, "बाई, तुमच्या देवाला येवडी झाडं मोजता येत्यात व्हय?"

"मोजलेलीच आहेत, तुकाराम. रान त्याचं. आपण नुसते राखणदार. मालक आला की विचारील, माझं रान कुठंय?"

"मंग सांगा की, राबात गेलं म्हनून!"

बाईच पयल्या हसल्या.

तर त्या दिवशी त्या एकट्या आगीवर गोणपाट हानीत हुत्या. धनी बाजाराला, गडीमानसं लग्नाला. म्या पुढं झाले तर वरडल्या, "सगुणा, मागं फीर! लेकराला धूर लागेल!" पोरगी खाली ठिवावी तर कुटं ठिवावी, समदीकडं ठिनग्या. म्या निस्ती उभी. आग वढ्यापाशी थांबली, पर वरची समदी उतरन काळी झाली. बाई भुईवर बसल्या. दोनी हातांची कातडी सोलल्याली. रडत म्हनल्या, "ऐनाच्या झाडाच्या ढोलीत राघूची पिल्लं होती गं."

दिस कलला तसा संस्थानचा रानशिपाई आला. "सरकारी रान कुनी जाळलं?" समदा गाव जमला हुता. सासूनं माजा दंड आवळला, कानाशी म्हनली, "त्वांड उघाडलंस तर पोरीसकट भाईर." तरी म्या म्हनले, "आमच्या रा..."

बाईंनी मदीच तोडलं. "रानाची राखण माझ्याकडं होती. काय म्हणायचं ते मला म्हणा."

"म्हंजी बाई, तुमीच लावली?"

"मी तुम्हाला उत्तर दिलं. दुसऱ्या कुणाला विचारू नका."

शिपायाला तेवडं पुरलं, बाईंचं नाव लिवून घेऊन त्यो गेला. मागनं म्या त्यांच्या खोपटात पळत गेले. "बाई, का वो आसं क्येलं?"

"मला राखायला दिलं होतं, आणि राब पेटला तेव्हा मी वरच्या अंगाला होते. माझ्याच्यानं राखलं गेलं नाही, हे खोटं आहे का? तुझ्या दिराला नेलं तर ऐन पेरणीत तुझा नवरा एकटा घर कसं ओढील?"

"आन् तुमी?"

"हाताला चिंधी बांध गं. घट्ट नको."

शाळा बंद झाली. मिशनवाल्यांनी बाईंना भोरला बोलवून घेतलं. हात गळ्यात बांधून चालत गेल्या, कुनी येशीपोतुर गेलं न्हाई. म्या दारातनं बगत हुते, सासू म्होरं उभी. पाऊस लागायच्या आदी सांगावा आला, जखमा चिघळल्या, बाई गेल्या.

आता गावात पोरं काळ्या उतरनीकडं बोट करत्यात, "त्ये बग, किरिस्तावणीनं जाळल्यालं रान." भावजी खाली मान घालून जेवत्यात. खरं सांगावं तर शिपाई भावजींना नेनार, सासू मला भाईर काडनार, आन् बाईंनी सोसल्यालं फुकाट जानार. गप ऱ्हावं तर ज्या बाईनं एक शेंडा तोडू दिला न्हाई, तिच्या नावावर जळकं रान. माजी पोर आता बोलाय लागलीया. उद्या ती बी तसंच म्हनंल. तुमाला लेकरंबाळं आसतील. तुमी काय क्येलं आसतं वो?