बाटलीवरची चिठ्ठी

मंगळवेढ्याहून मी निघाले तेव्हा आई रडली नाही, बांधाबांधच करत राहिली. बैल जुंपलेले, भाऊ कासरा धरून बसलेला, आणि आई आणखी एक पुरचुंडी आणायला आत पळतेय. सुंठ, ओवा, मिरी, वेखंड, वाळवलेली तुळस. "तितं कुनाला ठावं तुझं दुखनं? नाक गळाय लागलं की काढा करून पी. आन् ताप आला तर गप पडून ऱ्हा." वडील मराठी शाळेत मास्तर. ते एवढंच म्हणाले, "दिसेल ते वाचत जा, पोरी." तुम्हा सगळ्यांपासून लपवलं होतं, पण आता ह्या पत्रात सांगून टाकते: मला तेव्हा दुःख फारसं झालंच नव्हतं. कधी एकदा सोलापूर बघते असं झालं होतं!

भीमेपर्यंत बैलगाडी, नावेनं पलीकडं, आणि पुढं सर्व्हिस मोटार. मी सारा वेळ मान बाहेर काढून बसले. लांबून गिरण्यांची धुराडी दिसली तेव्हा मी ह्यांचा दंड धरून एवढ्या जोरात ओढला, की शेजारचे लोक हसले. हे गिरणीत कारकून होते. बिऱ्हाड म्हणजे विणकरांच्या गल्लीतली एक खोली. पहाटे भोंगा, मग दिवसभर मागांची खटखट, आणि मराठी, तेलुगू, उर्दू अशी सगळी बोलणी एकाच नळावर.

पंधरा दिवसांत मला सर्दीनं धरलं. आईच्या पुरचुंडीतला काढा केला, दोन दिवस घेतला, पण डोकं दुखायचं काही थांबेना. तेव्हा हे मला औषधांच्या दुकानात घेऊन गेले. अहाहा! आपल्याकडं औषध म्हणजे परसात किंवा फडताळात. इथं काचेच्या कपाटात रंगीत बाटल्यांच्या ओळी. सर्दीचा बाम, निलगिरीचं तेल, डोकेदुखीच्या गोळ्या, हिवतापावरचं कोयनेल. वैद्य नाही, नाडी नाही, मागाल ते मिळतं. आणि प्रत्येक बाटलीवर चिठ्ठी, प्रत्येक खोक्यात घडी घातलेला कागद, बऱ्याचशांवर मराठीसुद्धा! मी बाम कपाळाला लावला आणि तो कागद तीनदा वाचला. गावी वाचायला पोथी आणि पंचांग. इथं नाकाला लावायच्या तेलालासुद्धा काहीतरी सांगायचं असतं! मग मी गल्लीतल्या ओळखीच्या घरी गेले की फळीवरच्या बाटल्या वाचायला लागले. हे चिडवायचे, "लोक देवाचं दर्शन घेतात, तू बाटल्यांचं घेतेस."

दसऱ्याच्या आधी गल्लीत हिवताप शिरला. शेजारी तेलुगू विणकरांची नरसक्का, घरात दोन माग, जिभेला धार. तिची नऊ वर्षांची लक्ष्मी हुडहुडी भरून पडली. मी दुपारी पेज घेऊन गेले, तर पोरगी दोन्ही कानांवर हात दाबून रडत होती. कानात घंटा वाजतात म्हणाली. सकाळपासून दोनदा ओकली होती. उशाशी कोयनेलच्या गोळ्या, आणि पलीकडं तापावरच्या औषधाची मोठी बाटली. नरसक्का बाटलीतलं औषध चमच्यात ओतत होती.

मी सवयीनं बाटली उचलली. चिठ्ठी वाचली आणि ती नरसक्कापुढं धरली.

"नरसक्का, थांबा! हिच्यातबी कोयनेलच हाय. आणि हे बघा, मापबी मोठ्या माणसाचं लिवलंय."

"गोळी दिली, ताप नाही गेला. म्हणून बाटली आणली. दोन औषध, लौकर बरं."

"दोन न्हाईत! नावं दोन, औषध एकच. दुप्पट पडतंय पोटात."

ती उसळली. "अय्यो! काल आली तू गल्लीत. आज मला शिकवते? पिल्ला, पोर माझी आहे!"

तिचं काय चुकलं? मी कोण होते? बायका दारात जमल्या. मी वाचण्यात चुकले असले, आणि औषधावाचून ताप वाढला, तर? तरी मी तो चमचा तिच्या हातातून काढून घेतला, औषध मोरीत ओतलं आणि म्हणाले, "मला शिव्या द्या, पण आधी पोरीला उचला. डॉक्टरांकडं जाऊ."

दवाखान्यापर्यंत आम्ही आळीपाळीनं लक्ष्मीला कडेवर घेतलं. डॉक्टरांनी दोन्ही औषधं बघितली, पोरीचे डोळे तपासले आणि विचारलं, "हे कुणी ओळखलं?" नरसक्कानं माझ्याकडं बोट केलं. "आणखी एकदोनदा दिलं असतं तर कान गेले असते, कदाचित डोळेसुद्धा," ते म्हणाले. "कोयनेल चांगलंच आहे. पण मापात."

तिसऱ्या दिवशी लक्ष्मीच्या कानातल्या घंटा थांबल्या. डॉक्टरांनी मोजून दिलेल्या गोळ्यांनी तापही उतरला. त्या आठवड्यात नरसक्का नळावर मला बघून तोंड फिरवायची. मग एका सकाळी एक बाटली माझ्यापुढं ठेवून म्हणाली, "वाच." मी वाचली. तेव्हापासून गल्लीभर तेच चाललंय! खोकल्याचं औषध आणलं, आधी माझ्या उंबऱ्यावर. बाम तान्ह्याला लावू का, गोळी उपाशीपोटी घेऊ का. जे कळत नाही तिथं मी सरळ सांगते, दवाखान्यात जा.

मागच्या थंडीत मला स्वतःला जोराचा ताप भरला. दोन दिवस शुद्ध नव्हती. नरसक्कानं मिऱ्यांचं चारू, म्हणजे त्यांच्याकडचं सार, करून चमच्यानं भरवलं, लक्ष्मीनं कपाळावर पट्ट्या ठेवल्या. बरी झाल्यावर ह्यांनी हसत विचारलं, "तापात कुणाला हाका मारत होतीस, ठाऊक आहे?"

"आईला मारल्या असतील की."

"नाही. सारखं नरसक्का, नरसक्का चाललं होतं."

मला चोरट्यासारखं झालं. आई, हे तुझ्यापासून लपवून ठेवणार होते, पण वडील हे पत्र तुला वाचून दाखवतील, तेव्हा हेही वाचू देत. तुझी आठवण मला जागेपणी येते, रोज येते. पण तापात माणूस खोटं बोलत नाही, आणि तापात मी जिला हाक मारली ती भिंतीपलीकडं होती, आणि ती आली.