शुभेच्छुकांच्या रांगेत

कुणावर लिहावं एवढी माझी योग्यता नाही. आमच्या घरातून कॉलेजात आलेला मी पहिलाच, तेव्हा चुकलं तर माफ करा. पण कोल्हापूरच्या कसबा बावड्यातल्या त्या फ्लेक्सवाल्यांबद्दल लिहिल्याशिवाय राहवत नाही.

निवडणुकीतल्या पैशावर माझा प्रकल्प होता, म्हणून मी त्यांच्या दुकानात जाऊन बसायचो. उमेदवाराचा फोटो मधोमध लावून ते खाली शुभेच्छुकांचे चेहरे मांडत आणि एक डोळा मिटून म्हणत, "पावणं, देणगी वाढली की मुंडकं वाढतंय बघा." मी लोकशाहीवर गंभीरपणे बोलायचो. ते "व्हय की" म्हणत एखाद्या कंत्राटदाराला मोठं करत राहायचे.

एकदा एक देणगीदार ऐनवेळी विरोधकांकडे गेला. त्याचा चेहरा काढून ते मला म्हणाले, "जागा मोकळी ऱ्हायली. हॉलतिकिटाला काढलेला तुमचा फोटो हाय की आमच्याकडं. टाकू? फुकाट." मला थट्टा वाटली. मी हसून मान डोलावली.

प्रकल्प जमा केला त्याच संध्याकाळी नेसरीहून वडिलांचा फोन आला.

"आपल्यातली माणसं कोल्हापूरला गेलती. चौकात उमेदवाराच्या खाली तुजा फोटो लागलाय म्हणं. खरं सांग, फीचं पैसं दिलंस काय रं तिकडं?"