अंगठ्याखालचा माड

माझ्या मावशीच्या यजमानांइतके चित्रपट अख्ख्या अलिबाग तालुक्यात कुणी पाहिलेले नाहीत, आणि एवढे पाहूनही ज्याला एका नायकाचं नाव सांगता येणार नाही असा माणूसही तालुक्यात तेच एकटे. आम्ही त्यांना काका म्हणतो. नागावच्या अलीकडच्या आमच्या गावात त्यांनी जन्मभर माडावर चढून नारळ पाडले. आता गुडघ्यांनी राजीनामा दिल्यामुळे ते ओटीवर बसून मोबाइलवर चित्रपट पाहतात. चित्रपट मोजून चार. हे चार चित्रपट त्यांनी इतक्या वेळा पाहिलेत की दिग्दर्शकांना त्यांच्याकडे शिकवणीला पाठवावं. चारही आमच्या किनाऱ्यावर चित्रित झालेले आणि चारही सपशेल आपटलेले. नावं सांगत नाही. निर्मात्यांचं दुःख उकरून काढण्यात कसला आलाय पुरुषार्थ!

पुन्हा पुन्हा बघण्यासारखा चित्रपट कोणता, याविषयी समीक्षकांनी ग्रंथ लिहिले असतील. काकांचं मत एका ओळीचं आहे. "ज्याच्यात मागं मान्सं असतात तो." नायक-नायिका पहिल्या वेळेलाच बघून संपतात, असं त्यांचं म्हणणं. दुसऱ्या वेळी मागचा चहावाला बघायचा, तिसऱ्या वेळी त्याचा चहा पिणारा, चौथ्या वेळी चहा न मिळाल्यामुळे तोंड पाडून बसलेला. नायक मरत असतो, त्याची आई टाहो फोडत असते, आणि काका बोट दाखवून सांगतात, "बग, त्या मागच्याच्या हातातली पिशवी रिकामी हाय. बाजारात चाललाय म्हनं! बाजारातून येताना पन रिकामीच. दोनदा तपासलंय मी." आमच्या वाचनालयात आम्ही तरुण मंडळी जगातले थोर चित्रपट दाखवतो. म्हणजे असे, की ज्यांत दोन माणसं एका खोलीत पावणेदोन तास खिडकीबाहेर बघतात. काकांना मी एकदा हट्टाने नेलं. शोषणाच्या प्रश्नावरचं नायकाचं जळजळीत स्वगत चालू असताना ते शांतपणे झोपले. नंतरच्या चर्चेत मीच त्यांचं मत विचारलं, ही माझी चूक. "चांगला हाय," ते म्हणाले, "पन दोनच मान्सं. दुसऱ्यांदा आलो तर कोनाला बघू?" त्यांच्या या दृष्टीला मी नंतर 'उपेक्षितांचं सौंदर्यशास्त्र' असं नाव दिलं आणि त्यावर अडीच पानांचा लेख लिहिला. काकांनी तो वाचला आणि विचारलं, "ह्यात मी कुठं हाय?"

समुद्राच्या बाबतीत तर काकांसमोर कुठल्याही दिग्दर्शकाची धडगत नाही. तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ सांगणारा हा माणूस. एका गाण्यात नायिका किनाऱ्यावरून धावते, तर काका म्हणतात, "पयल्या कडव्यात ओहोटी, दुसऱ्यात भरती, तिसऱ्यात परत ओहोटी. गानं चार मिन्टाचं. दर्या म्हंजे काय न्हानीतली बादली हाय?" त्याच चित्रपटात नायिका नागावला रुसते आणि दुसऱ्याच क्षणी मुरुडला, किल्ल्याकडे पाठ करून, सापडते. काकांना नायकाचा विरह समजत नाही. मधल्या प्रवासात तिने रेवदंड्याला एसटी बदलली की नाही, हा त्यांचा प्रश्न. पावसाचा नकली मारा चालू असताना मागे वाळत घातलेले बोंबील कुणी उचलत कसं नाही, हा दुसरा.

त्या चारांतला एक चित्रपट मात्र त्यांचा विशेष लाडका. काकांचं लग्न झालं नव्हतं तेव्हाचा. अलिबागच्या टॉकीजमध्ये तो एक आठवडा टिकला आणि त्या आठवड्याचे बहुतेक खेळ काकांनीच टिकवले. पुढे त्याची कॅसेट आणली, मग चकती, आता तो मोबाइलवर फुकट दिसतो. त्यात नायक सायकलवरून गाणं म्हणत आमच्याच गावच्या वाटेने समुद्राकडे जातो. दोन्ही बाजूंना चिऱ्याच्या दगडांचे बुटके गडगे, वर माड, आणि नायकाच्या मागे डोक्यावर पाटी घेतलेली एक बाई. सगळा मिळून बारा सेकंदांचा प्रकार. हे बारा सेकंद आले की काका मोबाइल नाकाजवळ नेतात आणि त्यांचा राठ अंगठा पडद्याच्या वरच्या कोपऱ्यावर जाऊन बसतो. "काका, अंगठा काढा ना, दिसत नाही!" "तिथं काय न्हाय बाय, माड हाय नुस्ता." टीव्ही होता तेव्हा तर ते ऐन वेळी उठून टीव्हीच्या त्याच कोपऱ्यावर पंजा ठेवत, टीव्ही तापलाय का ते बघायला म्हणून. मी एकदा विचारलं, शूटिंगच्या वेळी तुम्ही कुठे होतात? "त्या लोकांनी आमाला समद्यांना माडावरनं उतरवला. वर कोनी दिसाय नको म्हनं." आणि ती पाटीवाली बाई? "हाय कोनतरी. वाट अडलीय तिची." एवढं बोलून ते दुसऱ्याच माणसाच्या पिशवीकडे वळले.

मावशीला हा चित्रपट म्हणजे सवत. तिने तो उभ्या जन्मात पाहिला नाही. "त्यातली ती निळ्या साडीतली भवानी," मावशी मला सांगे, "तिच्यापायी ह्यांचं डोकं फिरलंय. म्हातारा झाला, पन बगायचं सुटत न्हाय." निळ्या साडीतली भवानी म्हणजे नायिका. ती त्या बारा सेकंदांत नव्हतीच. पण हे मावशीला पटवायला तो अख्खा चित्रपट पाहिलेला माणूस हवा होता, आणि तो काकांशिवाय दुसरा कुणी नव्हता. काका मात्र भांडण लागलं की फक्त आवाज कमी करत.

आता त्या वाटेची गोष्ट. मुंबईच्या एका निसर्गप्रेमी सद्गृहस्थांनी वाटेलगतची वाडी विकत घेतली. निसर्गावरचं त्यांचं प्रेम इतकं उत्कट की तो दुसऱ्या कुणाच्या नजरेला पडू नये म्हणून त्यांनी आठ फुटी भिंत बांधली, वाटेच्या तोंडाशी लोखंडी फाटक बसवलं आणि फाटकावर 'निसर्गाच्या कुशीत' अशी पाटी लावली. कुशीला कुलूप होतं. पिढ्यान् पिढ्या गाव ज्या वाटेने दहा मिनिटांत समुद्रावर जात होतं, ती नकाशात नव्हती, कारण जुन्या वाडीवाल्याला आपल्या वाडीतून माणसं जातात याचं कधी काही वाटलंच नव्हतं. आता फिरून जायला पाऊण तास. तरण्यांनी कुरकुरत ते पत्करलं. मावशीचे गुडघे काकांपेक्षा वाईट. आयुष्यभर रोज पहाटे होडी लागायच्या वेळेला समुद्रावर जाणारी ही बाई फाटक लागलं त्या दिवसापासून घरी बसली. गणपती गेले, दिवाळी गेली. एकदा मी समुद्रावरून आले, तेव्हा माझ्या पायांना लागलेली वाळू बघत तिने विचारलं, "दर्या जागच्या जागी हाय ना गो?" काका तेव्हा चित्रपट बघत होते. त्यांनी तो बंद केला. चालू चित्रपट त्यांनी बंद केल्याचं मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं.

मी पेटून उठले. आमच्या घरात मुलांना अंगाईऐवजी जाहीरनामे वाचून दाखवले गेलेत. पेटून उठायला मला काडी लागत नाही. 'समुद्र कुणाच्या बापाचा?' असं पत्रक मी एका बैठकीत लिहून काढलं. त्यात भांडवल होतं, साम्राज्य होतं, लाटांची गर्जना होती आणि उद्गारचिन्हं तर भिंतीपेक्षा उंच होती. पहिली प्रत काकांना दिली. त्यांनी ती चष्मा लावून दोनदा वाचली. "झकास हाय," ते म्हणाले. "पन ह्यात वाट कुठाय?"

वाट पत्रकात नव्हती हे तहसील कचेरीतून आलेल्या साहेबांनाही जाणवलं असावं, कारण त्यांनी त्याची घडी करून टेबलाच्या डुगडुगणाऱ्या पायाखाली दिली. गावाच्या अर्जावर ग्रामपंचायतीच्या सभागृहात सुनावणी होती. सगळं गाव एका सुरात सांगत होतं की वाट होती, आणि साहेब एकाच वाक्यात उत्तर देत होते, "तोंडी सगळेच सांगतात हो, जुनं काही आहे का?" निसर्गप्रेमी गृहस्थ स्वतः आले नव्हते; त्यांचे वकील आले होते, इस्त्री केलेले. तेवढ्यात काका उठले आणि मोबाइल पुढे करून म्हणाले, "साहेब, शिनेमा बगता काय?"

सभागृह हसलं. मी मान खाली घातली. पंचायतीच्या टीव्हीला मोबाइल जोडायला ग्रामसेवकाने पंधरा मिनिटं घेतली, मग आधी भिंतीच्या रंगाची एक जाहिरात लागली आणि वकिलांसकट सगळ्यांनी ती भक्तिभावाने पाहिली. मग नायक सायकलवर आला. गडगे आले, वाट आली, वाटेच्या टोकाला समुद्र आला. काका टीव्हीला खेटून, कोपऱ्यावर पंजा टेकवून उभे होते.

वकील मंद हसले. "साहेब, सिनेमावाले राजवाडेसुद्धा उभे करतात. शूटिंगपुरती वाट तयार केली असेल. माणसंही पैसे देऊन आणलेली असतात."

"व्हय, आनलेली असतात," काका म्हणाले. इतका वेळ सलग बोलताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं. "आता नीट बगा. हा जाळीवाला, हा पिशवीवाला, ही दोन पोरं. ह्यांना पैसे मिळालेत. कॅमेऱ्यात बगायचा न्हाय अशी ताकीद मिळालीय. कोनी बगत हाय? न्हाय. आता ही पाटीवाली बगा. सरळ कॅमेऱ्यात बगतेय. डोळं बगा तिचं! शूटिंगवाल्यांची ही चूक हाय साहेब, कापायला पायजे होती. पैसे घेतलेला मानूस कॅमेऱ्यात बगत न्हाय. ज्याची वाट अडवलीय तोच बगतो."

साहेबांनी तो तुकडा पुन्हा लावायला सांगितला. मग पुन्हा. मग खुर्ची पुढे ओढून चौथ्यांदा. शेवटी म्हणाले, "ही बाई कोण?"

काकांनी खाली बघितलं. नारळ पाडताना साठ फुटांवरून न डगमगलेला हा माणूस सभागृहाच्या फरशीकडे बघताना घामाने भिजला होता. "आमच्या घरातली," ते कसंबसं म्हणाले. "तवा घरातली नव्हती."

मागच्या बाकावर हालचाल झाली. मावशी बाकाला धरून उठली, माणसं बाजूला सारत थेट टीव्हीपाशी आली आणि पडद्यावरच्या पोरीकडे बघत राहिली. आयुष्यात पहिल्यांदा ती हा चित्रपट बघत होती.

"मी हाय ह्यात?" ती म्हणाली. "मना वाटला, ती निळी भवानी..." मग ती साहेबांकडे वळली. "साहेब, अर्धा तास उबी केली मना त्या मेल्यांनी! पाटीत मासली नरम पडली. एक टोपीवाला वरडतो, कॅमेऱ्यात बगू नको. मी बोल्ली, मंग काय तुज्या थोबाडात बगू?" आणि बोलता बोलता तिने वकिलांकडे पाहिलं. त्याला ओळख परेड म्हणतात हे वकिलांना शिकवावं लागलं नाही. पडद्यावर आणि पडद्याबाहेर नजर एकच होती. मधे फक्त वय झालं होतं. साहेबांनी चष्मा पुसला आणि लिहायला घेतलं.

अंतिम निकाल अजून यायचाय. तोवर फाटक उघडं ठेवावं, असा आदेश आहे. सरकारी न्याय हप्त्याने मिळतो, पहिला हप्ता मिळाला. 'निसर्गाच्या कुशीत' ही पाटी उघड्या फाटकावर आता भिंतीकडे तोंड करून असते.

दुसऱ्या दिवशी पहाटे मावशी काठी घेऊन निघाली. काका चार पावलं मागे. मी त्यांच्या मागे, कारण अशा ऐतिहासिक प्रसंगी घोषणा द्यायला कुणीतरी लागतं. वाटेच्या मध्यावर मावशी थांबली. "इथंच उबी केलेली," ती म्हणाली.

"चल गो आता," काका म्हणाले. "कोन अडवत न्हाय."

तिने वळून त्यांच्याकडे तीच ती नजर टाकली आणि पुढे निघाली. घोषणा माझ्या तोंडातच राहिली.

त्या दिवशी दुपारी मी घरी येऊन माझ्या मोबाइलवर तो चित्रपट लावला. पत्रकाची दुसरी आवृत्ती काढायची होती आणि या वेळी त्यात वाट घालायचीच, असं ठरवलं होतं. बारा सेकंद पाहिले. काकांच्या शिस्तीने पुन्हा पाहिले. जाळीवाला, पिशवीवाला, पोरं, मावशी. तिसऱ्यांदा पाहताना लक्षात आलं की माझ्या पडद्यावर अंगठा नाही. वरच्या कोपऱ्यात माड होता. नुस्ता नव्हता. झावळ्यांच्या बुंध्याशी कमरेला कोयता लावलेला एक काटकुळा तरुण चिकटून बसला होता. सगळ्यांना उतरवलं तेव्हा हा एकटा उतरला नव्हता. खाली नायक गात होता, सायकलची घंटी वाजत होती, आख्खं गाव कॅमेरा बघायला लोटलं असणार. त्याला त्यातलं काही दिसत नव्हतं. तो वरून पाटीवाल्या पोरीकडे बघत होता, आणि आपण कुणाच्या चित्रपटात आहोत याचं त्याला भानच नव्हतं.

हा कोपरा दाखवला असता तर सुनावणीत वाटेचा आणखी एक साक्षीदार मिळाला असता. पत्रकात घातला तर जोर वाढेल, हेही मला कळतं. पत्रक तसंच पडून आहे.

संध्याकाळी मी मावशीकडे गेले. ती अंगणात पायांची वाळू झटकत होती. काकांनी सरकून ओटीवर मला जागा दिली आणि मोबाइल समोर धरला. सायकल आली, गडगे आले, आणि अंगठा आपल्या जागी जाऊन बसला.

बारा सेकंद संपले, तेव्हा मी एवढंच म्हणाले, "काका, परत लावा."