पोट मिटलेला ळ

माझी नोकरीची सगळी वर्षं मुंबईत छपाईचे खिळे ओतणाऱ्या एका फाउंड्रीत अक्षरं काढण्यात गेली. छापखान्यात शिशाचे खिळे जुळवून छपाई होत होती, तेव्हाची ही गोष्ट. मी रोह्याच्या एका शाळामास्तरांचा मुलगा, चित्रकला शिकलेला. तळहाताएवढं अक्षर कागदावर काढायचं, हे माझं काम. तेच अक्षर पोलादी कांडीच्या टोकावर, मुगाच्या दाण्याएवढं आणि उलटं कोरायचं, हे रोह्याजवळच्या खांब गावच्या एका कारागिराचं काम. त्या ठशावरून साचा व्हायचा, साच्यातून हजारो खिळे. हे कारागीर माझ्याहून आठेक वर्षांनी मोठे, भातशेतीच्या घरातले, चौथीपर्यंत शिकलेले. मी त्यांना दादा म्हणायचो, ते मला साहेब.

पुस्तकांसाठी म्हणून मी एक अक्षरमाला काढली. पाच वर्षं त्यात गेली. क, ख करत दादा ळपर्यंत आले. ठसा दिव्याच्या काजळीवर धरून त्यांनी तो कागदावर उमटवला आणि माझ्यापुढे ठेवला. ळची दोन्ही पोटं, म्हणजे आतल्या रिकाम्या जागा, माझ्या चित्राहून बरीच मोकळी होती.

"दादा, हे माझं चित्र नाही."

"नाय साहेब, जरा मोकळं ठेवलंय. गावच्या छापखान्यात शाई दाट लावतात. पोट भरून जाईल."

आजूबाजूला पाचसहा माणसं होती. मला झोंबलं. "अक्षर कसं असावं ते मी ठरवतो," मी म्हणालो. "तुम्ही फक्त कोरा."

दादांनी दुसरी कांडी घेतली. चार दिवसांनी तंतोतंत माझा ळ टेबलावर आला. गुळगुळीत कागदावरच्या नमुन्याच्या पुस्तिकेत तो देखणा दिसला. माझं कौतुक झालं, बढतीही मिळाली.

पुढे काही वर्षांनी एका रविवारी दादा आमच्या पेणच्या घरी, रामवाडीला आले. मुलीचं लग्न ठरलं होतं. पत्रिका हातात देत म्हणाले, "रोह्यात छापली. आपले खिळे असलेला छापखाना मुद्दाम शोधला."

ते चहा घेऊन गेले आणि मी पत्रिका उघडली. स्थळ, वेळ, सकाळी, मंडळी. जिथे जिथे ळ होता तिथे शाईचा काळा ठिपका बसला होता. पोरीच्या पत्रिकेवर ते त्यांना दिसलं नसेल, असं होणंच शक्य नव्हतं. पण एका शब्दाने बोलले नव्हते.

लग्नाच्या दिवशी इस्त्रीचा सदरा घालून मी एसटी स्टँडवर गेलो. खांबवरून जाणारी गाडी लागली होती. मी चढलो नाही. घरी येऊन बायकोला सांगितलं, डोकं दुखतंय.

नंतर कामावर आल्यावर दादांनी सगळ्यांच्या टेबलावर लाडू ठेवले, माझ्याही. का आला नाहीत, हे विचारलं नाही. त्यानंतर ते माझ्याशी कामापुरतंच बोलायचे. पुढे खिळ्यांशिवाय छापणारं ऑफसेट आलं, फाउंड्री बंद पडली, ठसे आणि साचे भंगारात गेले. आम्ही आपापल्या वाटेने निघून गेलो.

खांबला जायला मला तीस वर्षांवर काळ लागला. पेण ते खांब, दीड-दोन तासांचं अंतर.

दादा पडवीत खुर्चीवर बसले होते. दृष्टी जवळजवळ गेली होती. सुनेने सांगितलं, "बाबा, पेणवरून तुमचे साहेब आलेत." मी पाठ करून आणलेलं वाक्य बोलून टाकलं. "दादा, तुमचा ळ बरोबर होता. माझं चुकलं."

"कुठला ळ?"

मी सगळं सांगितलं. त्यांनी मान हलवली. "ते नाय आठवत. एक ठसा सोडून दुसरा कोरायचा, ते रोजचंच होतं. पण तुम्ही लग्नाला आला नाय, ते आठवतं. पहिल्या पंगतीला तुमचं पान मांडलं होतं. लोक विचारायचे, मुंबईचे साहेब कधी येणार? शेवटी पान उचललं. म्हटलं, आमच्यासारख्याच्या दारात कशाला येतील ते."

"तसं नव्हतं दादा. पत्रिका बघून मला तोंड दाखवायची लाज वाटली."

त्यांनी माझ्या आवाजाच्या दिशेने तोंड वळवलं. मग म्हणाले, "व्हय? मग तेव्हाच सांगायचं होतं. मी उगीच एवढी वर्षं तुमच्यावर राग धरला."

सुनेने वालाचं बिरडं आणि भात वाढला. जेवताना दादांनी तिला लेकीला फोन लावायला सांगितलं. तेव्हाची नवरी आता स्वतः आजी झाली होती. "बाबा फार बोलायचे तुमच्याबद्दल," ती म्हणाली.  मी सुखी राहा म्हणालो, जणू लग्न कालच लागलं होतं.

परत येईन, असं सांगून निघालो. जाऊ, जाऊ म्हणत वर्ष काढलं. दादा गेल्याचं कोलाडच्या एका ओळखीच्या माणसाकडून कळलं, तेव्हा त्यांचं बारावंही होऊन गेलं होतं.