सरवा वेचून झाल्यावर

कंपनीतली आमची लाइन दुसऱ्या राज्यात हलवली तेव्हा मी पन्नाशी ओलांडली होती. बावीस वर्षं क्वालिटीत काढलेली. गिअर हातात घ्यायचा, मोजायचा, पास नाहीतर रिजेक्ट. त्यानंतरचे सात-आठ महिने पिंपळे गुरवच्या घरात बसून गेले. मग ओळखीतून एका छोट्या संस्थेत काम मिळालं. काढणीनंतर शेतात किती माल पडून राहतो ते मी मोजायचं. तो पिकवायला किती पाणी, खत, डिझेल गेलं आणि सडताना त्यातून हवेत किती वायू जातो, ते ऑफिसातल्या मॅडम काढणार. मॅडम माझ्या मुलीच्या वयाच्या. पहिल्याच दिवशी म्हणाल्या, "काका, आमचं सगळं तुमच्या वजनांवर उभं आहे."

मला बरं वाटलं. मोजण्यात मी कधी चुकलो नव्हतो.

चाकणच्या पुढे बटाट्याची काढणी चालू होती. ज्या दिवशी बटाटे निघतील त्याच दुपारी जायचं, शेतात पाच ठिकाणी खुंट्या ठोकून दोरीचे चौकोन करायचे, त्यांतली माती उकरायची आणि मिळतील ते बटाटे काट्याला टांगायचे. फाळ लागून कापलेले, सुपारीएवढे बारीक, उन्हाने हिरवे पडलेले. अशी अठरा शेतं केली. आकडे मोठे येत होते. मॅडम ते बघून "बाप रे" म्हणायच्या, आणि मला घरी ताटात बटाट्याची भाजी आली की उगाच अपराधी वाटायचं.

एकोणिसाव्या शेताला निघालो आणि चिखलीतच गाडीची क्लच वायर तुटली. गाडी दुरुस्त होईपर्यंत संध्याकाळ झाली, म्हणून शेतावर दुसऱ्या दिवशी दुपारी पोचलो. खुंट्या ठोकल्या, उकरलं. पहिल्या चौकोनात काहीच नाही. दुसऱ्यात दोन हिरवे बटाटे. तिसरा पुन्हा रिकामा.

शेताची मालकीण बांधावर उभी राहून बघत होती. साठीची बाई, डोक्यावर पदर, हातात विळा.

"मावशी, इथले बटाटे कालच निघाले ना?"

"निघाले की."

"मग मागे राहिलेले कुठं गेले?"

"सरवा झाला न्हवं सकाळी," ती म्हणाली.

मी हातातली माती झटकली. हा शब्द मला ठाऊक होता. लहानपणी मराठवाड्यात आमच्या गावी भुईमुगाचा सरवा मी स्वतः वेचलेला. शेत निघालं की मागे राहिलेलं ज्याला हवं त्याने वेचून न्यायचं, मालक अडवत नाही. इतक्या वर्षांच्या शिफ्टमध्ये ते पार पुसून गेलं होतं.

"कोण येतं वेचायला?"

"काढायला आलेल्या बायाच येत्यात दुसऱ्या दिशी. कापलेलं आदी खात्यात, बारीक उकडत्यात. हिरवं तेवढं टाकून देत्यात."

"दरवर्षी?"

"व्हय. आन ह्या बाजूला समदीकडं."

"मला कुणीच कसं सांगितलं नाही?"

"तुमी इचारलं का?" ती हसली. "दोरी आन खुंट्या बघून आमाला वाटलं, कंपनीसाठी जमीन मोजताय. कोण कशाला तोंड उघडंल?"

मी दोरी गुंडाळली. अठरा शेतांत जे वाया गेलं म्हणून लिहिलं होतं, त्यातलं बरंचसं दुसऱ्या दिवशी कुणाच्या तरी चुलीवर चढलेलं होतं. मला ते ऐकून आनंद व्हायला हवा होता. वाटली ती भीती. या वयात हेही काम गेलं तर? शिवाय मी गप्प बसलो असतो तर कुणाला कळणारही नव्हतं. पण खराब पार्ट पास करायला माझा हात कधी धजलाच नव्हता.

दोन दिवस जुनी शेतं फिरलो. तीन ठिकाणी तेच उत्तर मिळालं, सरवा झाला. चौथं शेत मात्र वस्तीपासून लांब डोंगराकडेला होतं. तिथे कुणी फिरकलं नव्हतं आणि सडक्या बटाट्यांचा वास बांधावरच येत होता. म्हणजे माझे आकडे सगळेच खोटे नव्हते.

तिसऱ्या दिवशी सकाळीच ऑफिसात गेलो.

"मॅडम, माझे शेतांचे आकडे चुकले आहेत."

"काटा बिघडला?"

"काटा बरोबर आहे. मी एक दिवस लवकर जात होतो."

सगळं सांगितलं. डोंगराकडेच्या शेताचंही सांगितलं. त्या ऐकत राहिल्या, मध्येच पेन खाली ठेवला. मी खुर्चीच्या कडेवर बसलेलो.

"काका, रिपोर्ट अजून पाठवलेला नाही," त्या म्हणाल्या आणि त्यांनीच मोठा श्वास सोडला. "सोमवारी जाणार होता. गेला असता तर माझी धडगत नव्हती."

मग आम्ही दोघांनी कागद पुढे ओढला. पहिल्या दिवसाचं वजन घ्यायचं, तीन दिवसांनी पुन्हा घ्यायचं, आणि मधे कोण आलं, काय नेलं ते विचारायचं. जुन्या शेतांच्या मालकांनाही मी फोन करून विचारायचं.

"म्हणजे मी कामावर आहे?" मी विचारलंच.

"मग खुंट्या कोण ठोकणार? मी?"

बाहेर आलो तर पाय हलके झाले होते. थेरगावात डांगे चौकाच्या अलीकडे एका झाडाखाली गाडी लावली, डबा काढला. दोन दिवस डबा जवळजवळ तसाच परत जात होता आणि बायको काही न विचारता तो धुऊन ठेवत होती. भेंडी गार झाली होती, पोळ्या कडेने वाळल्या होत्या. गाडीवर बसल्या बसल्या सगळं संपवलं आणि तिला फोन लावला.