गुरगुरण्याचा घास

आमचं जळगावातल्या पिंप्राळ्याचं घर म्हणजे दोन खोल्या आणि मध्ये स्वयंपाकघर. गेल्या उन्हाळ्यात त्यात दोन कुत्री झाली. एक आमची, पांढरी, सोफ्यावर लोळून लाडावलेली. दुसरा आबांचा, काळा, पहूरच्या मळ्यात वाढलेला. आबा म्हणजे माझे सासरे. सासूबाई गेल्यापासून ते मळ्यात एकटेच राहायचे. होळीच्या सुमारास चक्कर येऊन पडले ते अर्धा दिवस तसेच पडून होते. या काळ्यानेच भुंकून भुंकून शेजारच्या मळ्यातल्या माणसांना आणलं, म्हणून आबा हाती लागले. नवरा त्यांना न्यायला गेला तर म्हणाले, "तो येईन तर मी येईन." मग दोघंही आले.

पहिल्याच दिवशी आमचीचा कान फाटला. त्या दिवसापासून माझ्या घराचा तुरुंग झाला. एक कुत्रा पुढच्या खोलीत, दुसरी मागच्या खोलीत, आणि मी मधल्या स्वयंपाकघरात दोन्हीकडच्या कड्या सांभाळत बसलेली. कूलर एकच, म्हणून तासातासाला अदलाबदल. याला आत घ्या, तिला बाहेर काढा, कडी लावा, परत बघा लागली का. जळगावचा मे महिना, अंगाची लाही लाही, आणि मला साधं भाजीला जायची सोय नाही. धुळ्याला माझ्या आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. तिच्या डोळ्यावरची पट्टी मी मोबाईलवर बघितली. धुळं काही विलायतेत नाही हो, अडीच तासांची एसटी! पण मी वाटेवरच्या एरंडोलपर्यंत काय, कॉलनीच्या नाक्यापुढं गेले नव्हते.

शेवटी नवऱ्याने तोडून सांगितलं. "गणपती बसेपर्यंत बघू. दोघं एका खोलीत राहिली तर ठीक, नाहीतर कुत्रा परत पहूरला."

आबांनी चहाची बशी खाली ठेवली. "मंग मीबी पहूरले."

झालं. म्हणजे कुत्र्यांचं जमलं नाही तर आबा पुन्हा मळ्यात एकटे, आणि पुन्हा पडले तर काय, हे सगळं माझ्या गळ्यात.

जनावरांच्या डॉक्टरीणबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, मारायचं नाही, ओरडायचं नाही. दोघांना दोन गोणपाटं द्या. दुसऱ्याकडे बघूनही गप्प बसला, की त्याच क्षणी तोंडात आवडीचा घास. गुरगुरला की काही नाही. उशीर मात्र करू नका, नाहीतर घास कशाचा मिळाला हे त्याला कळणार नाही. मी पनीरचे बारीक तुकडे करून पदरात बांधले आणि लागले कामाला. आबा बघत बसायचे. "माणसाले भेटत नाही पनीर," म्हणायचे.

आमची तीन आठवड्यांत शिकली. आबांचा काही केल्या शिकेना. दाराच्या फटीतून तिची शेपटी दिसली तरी याचा गुरगुराट सुरू. मला वाटलं, हे आबांच्या सवयीचं फळ. जेवताना जो तोंडाकडे बघतो त्याच्या वाट्याचा घास काढायचा, नाहीतर अन्न अंगी लागत नाही, हा त्यांचा जन्मभराचा नेम. ताट पुढे आलं की भाकरीचा तुकडा कुत्र्याकडे जायचाच.

"आबा, हात जोडते, घास टाकू नका ना!"

"बिचारा बघून राह्यला माय."

मी भांडी आपटायची. खरं सांगते, एकेका दुपारी मनात यायचं, जाऊ देत एकदाचे दोघंही. मग स्वतःचीच लाज वाटायची आणि पुन्हा पनीर चिरायला घ्यायचं.

श्रावणातल्या एका दुपारी मी त्यांना जेवायला वाढलं आणि आत येऊन दार लोटलं. फटीतून सहज बघितलं. काळा गोणपाटावर गप्प बसून आबांच्या ताटाकडे बघत होता. आबा जेवत होते, त्याच्याकडे ढुंकूनही न बघता. मला नवल वाटलं. बघणाऱ्याला घास द्यायचा नेम कुठे गेला? तेवढ्यात मागच्या खोलीत आमचीची साखळी वाजली. काळा गुरगुरला. आबांचा हात लगेच पुढे गेला आणि घास त्याच्या तोंडात पडला. तो गप्प झाला, तसा हात मागे. पुन्हा साखळी, पुन्हा गुरगुर, पुन्हा घास. मी पाच वेळा बघितलं. माझा हात इतका वेळेवर एकदाही पडला नव्हता.

मी दार ढकललं. "आबा, काय चाललंय हे?"

ते मुळीच दचकले नाहीत. "तू शिकवते तेच. मी उलटं शिकवतो."

"पण का?"

"त्याहीचं जमलं, तर मले अठीच ठेवसान ना?"

"अहो, मळ्यात पुन्हा पडलात म्हणजे?"

"पडलो तर आपल्या वावरात पडलो. अठी दार उघडलं तरी तू इचारते, कोठी चालले." आणि त्यांनी उरलेली भाकरी खाल्ली.

मला राग आला, आणि रडूही आलं. या माणसासाठी मी चार महिने कोंडून घेतलं होतं, आणि हा माणूस माझ्याच घरात कोंडलेला! नवऱ्याला मी सांगितलं नाही. पण आबांना पहूरला सोडलंही नाही. दुसऱ्या दिवसापासून त्यांचं ताट स्वयंपाकघरात, कुत्रा पुढच्या खोलीत, मध्ये कडी. मला भीती वाटत होती. तो अर्धा दिवस डोळ्यांपुढून जात नव्हता. आणि सासऱ्याला मरायला धाडलं असं लोक म्हणतील, तीही भीती होतीच. काळा दहा दिवसांत सुधारला.

गणपतीच्या आधीच्या रविवारी नवऱ्याने दोन्ही गोणपाटं पुढच्या खोलीत टाकली. आबांचं ताटही तिथेच मांडलं. आमचीने अंग झटकलं. काळ्याचा ओठ वर सरकला, दात दिसले. आबांच्या बोटांत भाकरीचा घास तयार होता. त्यांनी माझ्याकडे बघितलं. टाकू दे, एवढंच ती नजर मागत होती. मी ओणवी झाले आणि "गप," म्हणाले. काळ्याने ओठ खाली घेतला, आणि मी पनीर त्याच्या तोंडात घातलं.

"अरे वा, जमलं की!" नवरा म्हणाला.

आबांनी हातातला घास स्वतः खाल्ला.

सोमवारी सकाळी मी धुळ्याला निघाले. नवरा कामावर गेला होता, जेवायच्या सुट्टीत येणार होता. दोन्ही कुत्री आपापल्या गोणपाटावर बसली होती आणि आबा खाटेवर. त्यांनी मला थांबवलं नाही, काही मागितलंही नाही. मी बाहेर आले आणि लोखंडी जाळी ओढली. पहूरची गाडी नाक्यावरूनच मिळते, हे मला माहीत होतं. म्हणून कुलूप लावलं.

तिघंही माझ्याकडे बघत होते, अगदी गप्प. गप्प बसलं की त्याच क्षणी काहीतरी द्यायचं असतं. माझ्या हातात नुसती किल्ली होती.